आठवड्यांचा हिशेब

2008 सालची गोष्ट. पोटातल्या बाळाच्या हृदयात दोष निघाला म्हणून मुंबईतलं एक जोडपं आणि त्यांचे डॉक्टर निखिल दातार गर्भपाताची परवानगी मागायला हायकोर्टात गेले होते. 1971 च्या कायद्यातली 20 आठवड्यांची मर्यादा उलटून गेली होती. कोर्टाने नाही म्हटलं. "बरं झालं! आईला असं सुचतं तरी कसं?" स्टाफरूममध्ये डबा खाता खाता मी म्हणाले होते. पुढे काही दिवसांतच त्या बाईचा गर्भपात आपोआप झाला.

2023 मध्ये माझ्या भाचीवर तीच वेळ आली. (तिला विचारूनच लिहितेय.) विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत शंका आली. मग आणखी तपासण्या. पक्कं कळेपर्यंत पंचविसावा लागला. जुन्या कायद्यात दार बंदच होतं. 2021 च्या दुरुस्तीनंतर मात्र गर्भात गंभीर व्यंग असेल तर आठवड्यांची अट नाही. वैद्यकीय मंडळ तपासतं आणि तीन दिवसांत निर्णय देतं.

ते तीन दिवस ती माझ्याकडे होती. रात्री म्हणाली, "मावशी, हलतंय गं अजून." मी नुसता तिचा हात धरून बसले.

परवानगी मिळाली. आनंद कुणालाच झाला नाही. मी विणलेलं टोपडं तिने अजून जपून ठेवलंय.

आईला असं सुचत नाही हो, तिच्यावर ते येऊन पडतं. स्टाफरूममधलं ते वाक्य मागे घ्यायला मला पंधरा वर्षं लागली.

असो.