बसल्या उंचीवरचा नाताळ

डिसेंबर लागला की वसईच्या वाड्यांतून पेंढ्याला भाव चढतो. मुलं बांबूच्या कामट्या, रंगीत कागद, जुनी गोणपाटं जमवतात आणि ओट्याच्या कोपऱ्यात नाताळचा गोठा आकाराला येऊ लागतो. असा देखावा संत फ्रान्सिस असिसीकरांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्यो गावी मांडला, तेव्हा तिथं खरा पेंढा होता, खरा बैल आणि खरं गाढवही होतं. आमच्याकडे मातीची गुरं असतात. गोठा जमिनीलगत, म्हणून मोठी माणसं त्याच्याकडे वरून बघतात. माझी व्हीलचेअर मी त्याच्यापुढे नेते, किंचित पुढे झुकते, आणि कॅमेऱ्यात मारियेचा चेहरा समोरून येतो. मेंढपाळांनी तो असाच पाहिला असणार, गुडघ्यांवर येऊन.

बसल्यावर माझे डोळे जमिनीपासून साधारण चार फुटांवर येतात. पहिली-दुसरीतल्या मुलाची उंची तेवढीच. पाटावर बसलेली आत्या आणि आरामखुर्चीतले मामाही या उंचीवरून नीट दिसतात. घरातला नाताळ मुळात याच लोकांचा असतो, असं मला मनापासून वाटतं.

जुन्या अल्बममध्ये मात्र ही माणसं अर्धीच आहेत. काकांकडे बडोद्यात बनलेला आग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो निघायचे, त्यामुळे एकेक फोटो जपून काढला जाई. काका जीव लावून काढायचे, पण उभ्यानं. आजी करंज्या तळतेय, त्या फोटोत तिचा भांग दिसतो, लाल लुगड्याचा खांदा दिसतो, कढई दिसते. तेलात करंजी सोडताना तिचा चेहरा कसा व्हायचा, ते त्यात कुठंच नाही. ते मला फार लागतं. म्हणून आता आत्या तळायला बसली की मी तिच्यासमोरून हलत नाही. करंजी फुगून वर येईपर्यंत ती श्वास धरून ठेवते. हे मला फोटोतच पहिल्यांदा दिसलं.

छायाचित्रकार होमाई व्यारावाला रोलायफ्लेक्स वापरत. तो कॅमेरा पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं. म्हणजे उभ्या बाईच्या कॅमेऱ्याची नजरही जवळपास माझ्याच उंचीवर. हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता.

संध्याकाळी चांदणीचे कंदील लागले की मी फ्लॅश वापरत नाही. ब्रेक लावायचा, कोपर खुर्चीच्या हातावर टेकवायचं, श्वास सोडता सोडता बटण दाबायचं. सेकंदाच्या पंधराव्या भागाएवढा वेळ शटर उघडं राहिलं तरी चित्र हलत नाही.

मध्यरात्रीच्या मिस्साला मात्र चर्चच्या पायऱ्या आडव्या येतात. चौघं मला खुर्चीसकट उचलतात, प्रेमानं उचलतात, पण हवेत असताना कॅमेरा छातीशी घट्ट धरण्यापलीकडे मला काही करता येत नाही. एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार लागतो. चर्चच्या अंगणात तेवढी जागा आहे. मिस्सा सुटल्यावर पायऱ्या उतरणाऱ्या लुगड्यांचे, एकमेकांना मिठ्या मारणाऱ्या माणसांचे सुंदर फोटो मला खालून मिळतात, हे खरं. तरी उतार हवाच. वेदीजवळचा गोठा मला स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत जाऊन बघायचा आहे.

आणि घरचा सगळ्यांचा फोटो. पूर्वी सगळे रांगेत उभे राहायचे आणि खुर्ची कडेला लागायची. आता फोटो मी लावते. ओट्याच्या पायऱ्यांवर सगळ्यांनी बसायचं, मधे माझ्यापुरती जागा सोडायची. मामांचे गुडघे दुखतात, त्यांना स्टूल. सहा फुटी भाचा मागे उभा राहतो म्हणाला, तर त्यालाही खाली बसवते. मग टायमर लावते आणि चाकं वळवून माझ्या जागेवर येते.