अर्थ

मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये बंद झाल्या. बाबांच्या गॅरेजात मात्र एका हौशी गृहस्थांची पद्मिनी अजून येते. गेल्या मे महिन्यात तिचे दिवे लावले की पेट्रोलचा काटा हलू लागे. मी मीटरच बदलायला निघालो. चौथी शिकलेले बाबा म्हणाले, "अरे, मीटरला कशाला दोष देतोस? आधी अर्थ बघ." गॅरेजात अर्थिंगला 'अर्थ'च म्हणतात.

डॅशबोर्डामागे ती तार बॉडीला आवळलेली होती, तिथेच गंज होता. बॅटरीतून निघालेली वीज बॉडीतूनच परतते. ती वाट अडली की काटा खोटे बोलतो. गंज घासून नट आवळताच काटा स्थिरावला.

एफ.वाय.च्या अर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे मी 'व्यापार' लिहिले होते. जूनमध्ये, एस.वाय.च्या अर्जात, 'गाड्यांचे वायरिंग' लिहिले.