पडीक ठेवलेला फड

धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी तीन-चारशे वर्षांपासून फडाची पद्धत चालत आली. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट आणि पाटाखालची जमीन फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. यंदा कोणता फड भिजवायचा आणि कोणता पडीक ठेवायचा, हे गावानं मिळून ठरवायचं आणि पाटकऱ्यानं त्याप्रमाणे पाणी सोडायचं. पाणी मोजकंच आहे हे आधी मान्य करून बसवलेली ही घडी होती.

आज त्याच मुलखातल्या घराघरांत, संगणकाच्या पेटीत बसवलेला एसएसडी पुष्कळसा याच रीतीनं चालतो. १९८७ साली तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी नँड फ्लॅश मेमरी जगापुढे मांडली. हा ड्राइव्ह तिच्यावरच उभा आहे. तिच्यात माहिती पानापानानं लिहिली जाते, पण पुसायची वेळ आली की अनेक पानांचा अख्खा ब्लॉक एकदमच पुसावा लागतो. त्यातली कामाची पानं आधी दुसऱ्या रिकाम्या ब्लॉकमध्ये हलवायची, मग जुना ब्लॉक मोकळा करायचा, ही उस्तवार ड्राइव्हमधला कंट्रोलर मुकाट करत असतो. ड्राइव्ह काठोकाठ भरला की त्याच त्या पानांची हलवाहलव वाढते, वेग मंदावतो आणि झीजही वाढते, कारण मेमरीची प्रत्येक पेशी ठराविक वेळाच पुसता येते. शंभरातले दहा-पंधरा भाग रिकामे सोडले, तर त्या पडीक फडाच्या जिवावर बाकीचे पिकतात.

आता २५६ जीबीचा ड्राइव्ह घ्या. विंडोज त्याला २३८ जीबी दाखवतं आणि दुकानदारानं फसवलं असं वाटतं. फसवणूक कुणाचीच नसते. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या.

मग जागा जाते कुठे? सी ड्राइव्हची पट्टी लाल झाल्यावर सेटिंग्जमधलं ‘स्टोरेज’ उघडून बघावं. डाउनलोड्समध्ये ‘सातबारा’, ‘सातबारा (१)’, ‘सातबारा (२)’ अशा एकाच उताऱ्याच्या प्रती ओळीनं बसलेल्या असतात. त्यांच्याखाली मुलीच्या परीक्षेची हॉल तिकिटं, एकदाच चालवलेले प्रिंटरचे सेटअप. ही सगळी किरकोळ मंडळी. खरा गडी डेस्कटॉपवर असतो: फोटोग्राफरच्या पेनड्राइव्हवरून उतरवलेलं लग्नाचं अख्खं शूटिंग, हळदीपासून पाठवणीपर्यंत. डेस्कटॉपवर ठेवलेली वस्तू सी ड्राइव्हचीच जागा खाते, हे पुष्कळ घरांना ठाऊकच नसतं.

काही जागा विंडोज स्वतःच अडवतं. मोठ्या अपडेटनंतर जुनी आवृत्ती ‘विंडोज.ओल्ड’ या फोल्डरमध्ये राहते आणि साधारण दहा दिवसांनी आपोआप जाते, तेव्हा तिच्यासाठी घाई नको. हायबरनेशनची फाइल रॅमच्या सुमारे ४० टक्के असते, म्हणजे ८ जीबी रॅम असेल तर तीन जीबीच्या वर. डेस्कटॉप संगणकावर हायबरनेशन बंद केलं तर एवढी जागा सुटते. मात्र त्याबरोबर झटपट सुरू होण्याची सोयही जाते. लॅपटॉपवर ते राहू द्यावं. वीज गेली, बॅटरी उतरली, तरी अर्धवट काम त्यामुळेच वाचतं.

पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये पडून असेपर्यंत जागा सुटत नाही. बिन रिकामा झाला की विंडोज ‘ट्रिम’ नावाची सूचना पाठवतं आणि कोणती पानं आता नकोत ते ड्राइव्हला कळतं. विंडोज ७ पासून हे आपसूक होतं. जुन्या हार्ड डिस्कसारखं डीफ्रॅग करण्याच्या मात्र फंदात पडू नये. त्यातून एसएसडीला फायदा नाही, झीज तेवढी होते.

लग्नाचं शूटिंग हलवायचं ते साध्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर. जुना, झिजलेला एसएसडी त्यासाठी कपाटात टाकू नये. वीज न मिळालेल्या एसएसडीमधला विद्युतभार हळूहळू झिरपतो आणि उष्णतेत जास्त झिरपतो. जळगावचा मे महिना ४४-४५ अंशांचा असतो, बंद कपाटही तापतं. शिवाय एकाच डिस्कवर भिस्त ठेवणं धोक्याचं. एक प्रत जळगावात घरी, दुसरी धुळ्याला मावशीकडे ठेवावी. दोन्ही डिस्क संगणकाला जोडून, दोन-चार व्हिडिओ चालवून बघावेत आणि त्यानंतरच सी ड्राइव्हवरची मूळ प्रत पुसावी.