मंगळागौरीच्या गल्लीतून सारनाथपर्यंत

काशीला गेलात की एक सकाळ पंचगंगा घाटासाठी राखून ठेवा. अहिल्याबाई होळकरांनी बांधलेला हजार दिव्यांचा दगडी दीपस्तंभ इथेच आहे. घाटाच्या उंच पायऱ्या चढून गल्लीत शिरलात की मंगला गौरीचं मंदिर लागतं. श्रावणातल्या मंगळवारी आपल्याकडे जिची पूजा होते, जिच्यासमोर नव्या नवऱ्या रात्रभर झिम्मा-फुगडी खेळतात, तीच ही मंगळागौर!

काशीखंडात या जागेची एक गोष्ट आहे. सूर्याने इथे घोर तप केलं आणि त्याच्या अंगातून निघालेल्या घामाची किरणा नदी झाली. पंचगंगेतल्या पाच नद्यांपैकी ती एक. घामाला इतका मान देणारं शहर आखाड्यांसाठी प्रसिद्ध असावं, यात नवल नाही.

या आखाड्यांशी आपलंही नातं आहे. मल्लखांबाला नवं जीवन देणारे बाळंभटदादा देवधर दुसऱ्या बाजीरावांच्या काळातले. निजामाकडून आलेल्या अली नावाच्या पहिलवानाला त्यांनी हरवलं, अशी कथा सांगतात. पुढे ते आणि त्यांचे शिष्य कोंडभटनाना गोडबोले यांनी ही विद्या काशीपर्यंत नेली.

आता मल्लखांबाकडे नीट बघा. पहिलवानाने ज्याच्याशी झुंजायचं, तो एक लाकडी खांब. तो मारत नाही आणि त्याला मारूनही काही मिळत नाही. तेल लावलेल्या त्या खांबावर घसरलात, तर दोष दुसऱ्या कुणाला देणार? तोल सांभाळायचा, श्वास आवरायचा, भीती घालवायची. लढाई सगळी स्वतःशीच.

हीच गोष्ट इथून साधारण दहा किलोमीटरवर, सारनाथला, वेगळ्या शब्दांत सांगितली गेली. तिथल्या मृगदावात बुद्धांनी पाच साथीदारांना पहिला उपदेश केला. बुद्ध क्षत्रिय घराण्यातले. तरुण सिद्धार्थाने धनुर्विद्येत आणि कुस्तीत सगळ्यांना मागे टाकल्याचं वर्णन ‘ललितविस्तर’ ग्रंथात आहे. म्हणजे त्यांची अहिंसा दुबळ्या माणसाची नव्हती. भिक्षूंसाठीचे नियमही बारकाईचे आहेत. रागाने दुसऱ्या भिक्षूला मारणं हा दोष आणि मारण्यासाठी नुसता हात उगारणं हाही वेगळा दोष! हात खाली येण्याआधीच मनाला थांबवायचं.

चीनमधल्या शाओलिन मठाचं नाव तुम्ही सिनेमात ऐकलं असेल. भारतातून गेलेल्या बोधिधर्माने तिथल्या भिक्षूंना युद्धकला शिकवली, असं म्हणतात. इतिहासकार ही कथा बरीच नंतरची मानतात. शिवाय 621 साली त्या मठातल्या भिक्षूंनी प्रत्यक्ष लढाईत भाग घेतल्याची नोंद आहे. म्हणजे अहिंसा आणि युद्धकला यांचं नातं वाटतं तितकं सोपं नाही. ताकद आली की ती वापरण्याचा मोहही येतो. म्हणूनच गुरू आधी संयम शिकवतात.

काशीच्या आखाड्यात उतरणारा पहिलवान आधी मातीला हात लावून कपाळाला लावतो, बजरंगबलीला नमस्कार करतो, मग समोरच्याचा हात धरतो. कुस्ती संपली की जिंकलेला हरलेल्याला मिठी मारतो.

तुमच्या घरातही कुणी कराटे किंवा कुस्ती शिकायचा हट्ट धरला असेल. ‘मारामारी शिकेल का?’ ही काळजी रास्त आहे. नाही म्हणण्याआधी एकदा वर्गात जाऊन बसा. शिक्षक पहिल्या दिवशी काय शिकवतात ते पाहा. ठोसा कसा मारायचा हे आधी सांगतात, की उभं कसं राहायचं, नमस्कार कसा करायचा आणि कुठे थांबायचं हे? उत्तर तुम्हाला तिथेच मिळेल.

आणि काशीला जाल तेव्हा मुलांनाही सोबत घ्या. सकाळी मंगळागौर, दुपारी सारनाथ. एका दिवसात दोन्ही सहज होतं.