कमावलेले कातडे

चामड्याला रंग देण्याआधी त्यावर पाण्याचा एक थेंब टाकून पाहतात. थेंब मुरला तर कातडे रंग पिईल. तसाच मोत्यासारखा उभा राहिला तर वर कारखान्याचा लेप आहे आणि तो आधी काढायला हवा. मामांच्या जाकिटावर थेंब खांद्यावर मुरला, छातीवर मात्र राहिला. वीसेक वर्षे मोटारसायकलवर उन्हापावसात वावरलेल्या वस्त्राचे हे सरळ वाचन होते. मामा गेल्यावर जाकीट माझ्याकडे आले. रंग द्यायचा तो घरीच, असे मी ठरवले.

कापड रंगवणे आमच्या घरात नवे नव्हते. विटलेल्या साडीसाठी पातेल्यात पाणी उकळे, त्यात रंगाची पुडी आणि मूठभर मीठ पडे. चामड्याला हा उपचार चालत नाही. उकळत्या पाण्यात ते आक्रसून कडक होते. त्याला रंग पाजावा लागतो, तोही थोडाथोडा. धारावीच्या बाजारातून स्पिरिटमधला गडद तपकिरी रंग आणला. (फिका आणण्यात अर्थ नव्हता; असा रंग कातड्याला गडदच करत नेतो.) अस्तर कागदाने झाकले, चेनला व्हॅसलीन फासले, गॅलरीची दारे उघडी ठेवली आणि अॅसिटोनच्या फडक्याने जुना लेप पुसून काढला.

लेप निघाला आणि कातडे प्रथमच दिसले. डासामाशांच्या चाव्यांचे ठिपके, कुठेतरी काट्याने ओरखडलेली रेघ, मानेच्या वळ्या. हे सगळे मामांच्या आधीचे, त्या जनावराच्या आयुष्यातले. ज्या तपकिरी रंगाची आम्हांला हळहळ होती, तोही वरून दिलेलाच होता. क्रोमने कमावलेले कातडे निळसर निघते. बाकीचे सारे रंग नंतरचे.

'कमावणे' या क्रियापदापाशी मी थांबलो. मराठीत पैसा कमावतात, शरीर कमावतात, गवई आवाज कमावतो. शेवटच्या दोन ठिकाणी हा शब्द म्हणजे केवढा गौरव! आणि कातडेही कमावतात: चुन्याच्या निवळीत भिजवून, केस आणि मांस खरवडून, बाभळीची साल व हिरडा यांच्या पाण्यात दिवसचे दिवस मुरवून. शब्द तोच, पण इथे गौरव शब्दापाशीच संपतो. हे काम ज्या ढोर समाजाने पिढ्यान्पिढ्या केले, त्याची वस्ती गावाबाहेर ठेवली गेली. त्याच समाजातले कक्कय्या बाराव्या शतकात बसवण्णांच्या सहवासात कन्नड वचने रचत होते. आमच्या अभ्यासक्रमात त्यांचे नाव मला कधी भेटले नाही. 'बलुतं' १९७८ साली आले. ते मी अनेक वर्षे शिकवतो आहे. वर्गात 'अनुभवाची दाहकता' हा शब्दप्रयोग इतका सहज होतो की त्यातला अनुभव कुणाच्या हातांचा, हे विचारायचे राहून जाते.

एका जाकिटाने ते अंतर मिटते, असे मला मुळीच म्हणायचे नाही. माझ्याकडे तो छंद ठरतो. शेजारी कौतुकाने पाहून जातात. तेच काम पोटासाठी करणाऱ्याच्या वाट्याला हे कौतुक येत नाही.

लोकरीच्या बोळ्याने गोलगोल फिरवत तीन पातळ हात दिले. प्रत्येक हात सावलीत वाळवला. दुसऱ्या दिवशी कोरड्या फडक्याने सुटा रंग पुसला आणि वरून संरक्षक लेप दिला. ओरखड्याची रेघ झाकली गेली नाही. तिने उलट जास्तच रंग प्यायला. शिवणीचा धागा कृत्रिम, त्याने काहीच घेतले नाही. त्यामुळे प्रत्येक जोडावर मामांच्या वेळचा तपकिरी रंग बारीक रेघेत शिल्लक आहे.

मामींनी जाकीट हातात घेऊन उलटसुलट पाहिले, बाहीवरून हात फिरवला, "छान झालंय रे" म्हणाल्या. मग माझ्या बोटांकडे नजर गेली. "स्वयंपाकघरात येण्याआधी हात नीट धू हं." मी धुतले. साबणाने तो रंग जात नाही. वरची त्वचा झडेपर्यंत राहतो. त्या आठवड्यात वर्गात खडू माझ्या काळ्या-तपकिरी बोटांत होता. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने ती बोटे ओळखली. "आमच्या आजोबांची अशीच असायची, सर," ती म्हणाली, आणि वहीत पाहू लागली.