गगनबावड्याचं धुकं

कोल्हापूरहून गगनबावडा साधारण ५५ किलोमीटर. गेल्या श्रावणात आम्ही गगनगड पाहायला एस.टी.नं गेलो आणि पाहिलं ते नुसतं धुकं! पाऊस ओसरेपर्यंत ओळखीच्या एका घरी टेकलो.

तिथल्या दोन वर्षांच्या बाळाचे पाय पाहून मी कौतुकानं म्हटलं, "किती गुटगुटीत!" शेजारी बसलेल्या अंगणवाडीच्या ताईंनी मात्र दोन्ही पावलांवर अंगठा दाबला. खळगा पडला, तो तसाच राहिला. मग दंडाला पट्टी लावली. काटा लाल भागात, म्हणजे ११.५ सेंटिमीटरच्या आत. मैत्रिणींनो, ते बाळसं नव्हतं, कुपोषणाची सूज होती. शिकवणी करणाऱ्या मला हे कळू नये!

बाळाला त्याच दिवशी दवाखान्यात नेलं. सूज आलेल्या मुलाला एकदम भरपूर भरवायचं नसतं. आधी थोडं थोडं, पातळ दूध. सूज उतरून भूक लागली, की मग जड खाणं.

घरी आल्यावर ताईंनी शिकवलं ते 'हैदराबाद मिक्स', आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं. भाजलेले गहू ४० ग्रॅम, हरभऱ्याची डाळ १६, शेंगदाणे १०, गूळ २०. डाळ-दाणेही भाजून, सगळं दळून ठेवायचं. एवढ्यात सुमारे ३३० कॅलरी! सारं आपल्याच डब्यांतलं. (औषधाची जागा मात्र ते घेत नाही हं.)

परवा निरोप आला, बाळ वाटी चाटूनपुसून खातंय. पाय आता बारीक दिसतात म्हणून आजी कुरकुरतात!

गड पाहायचा अजून राहिलाच आहे.