पांढरा खडू

मेणखडूंची कुठलीही जुनी पेटी उघडून बघा. काळा अर्ध्यावर आलेला, निळ्याचे तीन तुकडे, लालाचा कागद केव्हाच सोललेला. या सगळ्या पडझडीत पांढरा मात्र दुकानातून आणला तसाच, टोक शाबूत. लहानपणी कॅरमची पावडर संपली म्हणून मी एकदा तो किसला होता. सोंगट्या चिकटून बसल्या आणि मला मार बसला. त्यापलीकडे त्याचा उपयोग झाल्याचं आठवत नाही.

जूनमध्ये वह्यापुस्तकांना कव्हरं घालून झाली की खाकी कागदाची एक लांब पट्टी उरतेच. ती मी सहा वर्षांच्या भाचीपुढे टाकली. हेतू निव्वळ काटकसरीचा. ड्रॉइंगच्या वहीची पानं ती भराभर संपवते. ती पालथी पडून कामाला लागली. पिवळा मळकट दिसेना का, पण हिरवा तर उमटेचना. हात चाचपडत पांढऱ्यावर गेला. एक रेघ ओढून ती थबकली, मग जोर लावून दुसरी ओढली.

"मामा, हा चालतो!" बंद पडलेलं घड्याळ सुरू व्हावं, तशी.

दोन डोंगर आणि मधून उगवणारा सूर्य तिलाही पाठ आहे. पण खाकीवर सकाळ होईना, म्हणून तिनं रात्र काढली. लाइट गेलेली आमची गल्ली. खिडक्याखिडक्यांतून मेणबत्त्या, जिन्याखाली कुत्र्याचे नुसते डोळे, आणि गॅलरीत माझे दात. बाकीचा मी अंधारात होतो.

डहाणूकडच्या वारली सवाशिणी लग्नाचा चौक लिहीत आल्या तो याच एका रंगात. गेरूची भिंत, तांदळाच्या पिठाचं पाणी आणि टोकाला चावून मऊ केलेली बांबूची काडी. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. लहानपणी आई गेल्यावर ते बोलेनासे झाले आणि धुळीत रेघोट्या ओढू लागले, असं सांगतात. त्या पोराला कोणी खडू आणून दिला नव्हता. पण त्याच्या बोटाखालची धूळ कोणी झाडूनही टाकली नसावी.

आम्ही काय करतो? बारा रंगांनी भागलं नाही की चोवीस, मग अठ्ठेचाळीस. कागद मात्र तोच, गुळगुळीत पांढरा, आणि वर "रेघेबाहेर जाऊ नकोस." मला विचाराल तर आधी कागद बदलावा: खाकी, काळा, पाठकोरा, मिठाईच्या खोक्याचं झाकण. पांढराच हवा असेल तर त्यावर पांढऱ्या खडूनं दाबून काढू द्यावं आणि वरून पातळ निळा जलरंग फिरवावा. मेण पाणी धरत नाही. नव्हतं ते चित्र वर येतं. भाचीनं हे आठवडाभर केलं. आमची फरशी अजून निळसर आहे.

परवा तो खडू नखाएवढा उरला, तेव्हा आम्ही कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात गेलो.

"काका, एक पांढरा द्या."

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "पांढरा? सुटा नाही मिळत. अख्खी पेटी घ्यावी लागेल."

भाचीनं माझ्याकडे पाहिलं. "मग उरलेल्या अकरांचं काय करायचं, मामा?"